निजाम गेला, कोरम होईना

आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला दोन वचनं आली आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही पाहुण्यांना ऐकवतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे बदली होऊन आलेले साहेब लोक एकमेकांना ऐकवतात. पहिल्याचा अर्थ काय, असं पुण्याकडचा पाहुणा हमखास विचारतो. अशा वेळी ‘आधी चहा घ्या’ म्हणायची पद्धत आहे. जर्मनीशी आमचं नेमकं कशात जुळतं, यावर दोन पिढ्या वाद घालून झाल्या आणि प्रत्येक पानटपरीवर त्याचं वेगळं उत्तर मिळतं.

माझं उत्तर असं: जर्मनीनं आपला कैसर १९१८ साली घालवला, आम्ही आमचा निजाम १९४८ साली. मधे तीस वर्षं गेली, पण परभणीला एखादी गोष्ट तीस वर्षांत पोचली तर ती वेळेवर आली असंच धरायचं असतं. कैसर गेल्यावर जर्मनांना रिकामी खुर्ची बघवेना. पंधरा वर्षांच्या आत त्यांनी एक मिशीवाला शोधून तिच्यावर बसवला आणि कैसर बरा होता म्हणायची पाळी साऱ्या जगावर आणली. रिकामी खुर्ची न बघवण्याचं दुखणं आमच्याकडेही आहे. मिशीवाले तर जास्तच आहेत. आमचं नशीब एवढंच, की एका खुर्चीसाठी ते दहा-बारा जण एकदम उभे राहतात आणि एकमेकांना पाडतात. लोकशाहीचं हे संरक्षण घटनेत लिहिलेलं नाही, पण आमच्या जिल्ह्यात तेच सगळ्यांत भक्कम आहे.

राजे आम्हाला नवे नाहीत. सातवाहन, चालुक्य, यादव, बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, आसफजाही असे इतके राजे या गोदाकाठानं येऊन गेले, की इथल्या कुणब्यानं राजा कोण हे विचारायचं सोडलं आणि सारा किती एवढंच विचारायला सुरुवात केली. माझ्या मते राजकारणातला पहिला शहाणा प्रश्न हाच. चारठाण्याची देवळं उभी करून गेले ते राजे त्यातल्या त्यात बरे. निदान काही ठेवून गेले. बाकीच्यांनी जाताना काय नेलं याचीच मोजदाद जास्त.

पण आम्ही नुसती प्रजाच होतो असं समजू नका. आम्ही राजे पुरवलेही आहेत. अहमदनगरची निजामशाही, जिनं पुढं चांदबिबी दिली, मलिक अंबर दिला, तिचं मूळ आमच्या पाथरीत आहे. पाथरीच्या एका कुलकर्णी घराण्यातला भैरव नावाचा गृहस्थ काही कारणानं गाव सोडून विजयनगरच्या मुलखात गेला. त्याचा पोरगा बहमनी सुलतानाच्या फौजेच्या हाती सापडला, बिदरला नेला गेला, मुसलमान झाला, मलिक हसन म्हणून वाढला आणि गुलामाचा वजीर झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद. यानं १४९० साली बहमनी सुलतानाला रामराम ठोकला, स्वतःचं राज्य काढलं आणि पुढं स्वतःच्या नावाचं शहर वसवलं. इथपर्यंत सगळं भव्य आहे. मौज यापुढे आहे.

मलिक अहमदनंतर त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा सातव्या वर्षी गादीवर बसला. आपल्या घराण्यातलं पोर सुलतान झालंय ही बातमी पाथरीच्या भाऊबंदांना लागली, आणि भाऊबंद नगरच्या दरबारात हजर झाले. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. नगरच्या वजिरानं इमादशहाला कळवलं: पाथरी आमच्या सरहद्दीला लागून आहे, आमच्या धन्याच्या पूर्वजांचं वतन तिथं आहे, ती आम्हाला द्या आणि बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहा नाही म्हणाला आणि उलट तटबंदी वाढवायला लागला. मग १५१८ साली नगरच्या फौजेनं दौलताबादकडे जात असल्याचा देखावा केला आणि एकाएकी वळून पाथरी घेतली. काही वर्षांनी इमादशहानं ती परत घेतली. बुऱ्हाणनं पुन्हा तोफा लावल्या, पुन्हा घेतली, किल्ला पाडून सपाट केला आणि मुलूख आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकला.

म्हणजे बघा. धर्म बदलला, भाषा बदलली, नाव बदललं, पदरी हत्ती आले, तोफा आल्या, राजधानी आली. चौथ्या पिढीत एवढंच उरलं होतं, की गावचं कुलकर्णीपण दुसऱ्याच्या अमलात आहे. बांधाच्या भांडणात आम्ही तहसीलला खेटे घालतो, हा गडी घोडदळ घेऊन आला. दोन्हीचा जीव एकच. सत्ता माणसाला कशासाठी हवी असते यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. आमच्याकडे त्याचं उत्तर सोपं आहे. गावाकडे जाऊन दाखवायला हवी असते. आजही एखादा गडी बाजार समितीचा संचालक झाला, की पहिली पांढरी गाडी घेतो आणि पहिली फेरी गावातून, तीही चुलत्याच्या घरावरून मारतो. हॉर्न तिथंच वाजतो.

पाथरीला मोठ्यांच्या नात्यावरून भांडणाचा योगच आहे म्हणायचा. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटींची घोषणा झाली आणि तिकडे शिर्डीकरांनी गाव बंद ठेवलं. ज्या फकिराला भक्त राजाधिराज म्हणतात तो जन्मभर पाच घरी भिक्षा मागून राहिला. त्यानं वतन ठेवलं नाही, वारस ठेवला नाही. भांडण मात्र आम्ही त्याच्यामागं व्यवस्थित लावून दिलं.

आता आमच्या खऱ्या राजाकडे येतो. मीर उस्मान अली खान, हैदराबादचा सातवा निजाम. १९११ साली गादीवर बसला. फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याला मुखपृष्ठावर छापलं. जेकब नावाचा हिरा तो टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायचा. अंगावर जुनी शेरवानी, डोक्यावर मळकी टोपी. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसाची प्रजा असणं म्हणजे काय असतं, हे परभणीच्या बाहेर फार थोड्यांना कळेल. त्याच्याकडे सगळं होतं, कारण आमच्याकडे काही नव्हतं. हिशेब दोन्ही बाजूंनी जुळत होता. त्यात दरबारात जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, नजराणा द्यायचा. राजा उदार झाला आणि हाती भोपळा दिला अशी म्हण आहे. आमच्या राजानं भोपळाही स्वतःकडेच ठेवून घेतला.

अन्याय नको. त्याच्या वडलांच्या काळात, १९०० च्या सुमाराला मनमाड-हैदराबाद रेल्वे आली, तिच्यामुळं परभणी आणि पूर्णा नकाशावर आली. त्यानं स्वतः विद्यापीठ काढलं, दवाखाने काढले, धरण बांधलं. फक्त त्यातलं बहुतेक हैदराबादच्या आसपास. विकास राजधानीजवळ होतो आणि मराठवाडा राजधानीपासून लांब असतो, हा नियम निजामानं घातला असेल, पण पाळला पुढच्या सगळ्यांनी. त्याचं स्वतःचं नाणंही होतं. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा. आपला राजा सार्वभौम असल्याचा खर्च असा सातांत एक रुपया पडायचा. हल्ली सार्वभौमत्वाचा खर्च कुणी इतका स्वच्छ सांगत नाही.

या राजाचं एक फर्मान मात्र मला फार आवडतं. गश्ती निशान ५३. म्हणजे परिपत्रक क्रमांक ५३. सरकारच्या परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. कोण बोलणार, काय बोलणार, कशावर बोलणार ते आधी कळवा, मग बघू. तालीम काढायची तर परवानगी, खासगी शाळा काढायची तर परवानगी. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला, ज्याच्याकडे फौज होती, किल्ले होते, हिऱ्यांचा ढीग होता, त्याला भीती कशाची वाटायची? चार माणसं एकत्र बसून बोलतील याची. राज्य कशानं जातं हे त्याला बरोबर कळलं होतं. तेवढं त्याच्या नंतरच्या स्वतंत्र प्रजेला कळलं नाही. ते पुढे येईलच.

सभेला बंदी म्हटल्यावर लोकांना सभेची विलक्षण गोडी लागली. भाषणाला बंदी म्हणून ग्रंथालयाचा वार्षिकोत्सव, गणेशोत्सव, कीर्तन, जे सापडेल त्यात भाषण. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेलं. अध्यक्ष होते परभणीचे वकील गोविंदराव नानल. हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसांनी राजकारणाचं ‘र’ सुद्धा न काढता राजकारण कसं करावं याची ती शाळाच होती. आज नानल हे आडनाव परभणीत बहुतेकांना नानलपेठ पोलीस ठाण्यामुळे ठाऊक आहे. जे नाव सत्तेविरुद्ध उभं राहिलं तेच पुढं ठाण्याच्या पाटीवर यावं, हा काळाचा विनोद. काळ आमच्यापेक्षा बरा लिहितो.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. आम्ही नाही. आमचा राजा म्हणाला, मीही स्वतंत्र झालो. त्या दिवशी आमच्याकडे तिरंगा लावणं हा गुन्हा होता. मग लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, पोरं सरहद्दीवरच्या कँपांत, आणि गावोगाव निजामाच्या बाजूचे कासिम रझवीचे रझाकार. रझाकारांनी जे केलं, आणि पोलीस ॲक्शननंतर सूड म्हणून निरपराध मुसलमानांच्या घरांचं जे झालं, त्यावर विनोद होत नाही. तेवढं गंभीरपणे सांगून पुढे जातो.

पोलीस ॲक्शन म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर १९४८. भारताची फौज आली, रणगाडे आले, विमानं आली, कागदावर नाव पोलिसांचं. तेव्हापासून सरकारी कामाचं नाव आणि प्रत्यक्ष काम यांचा आम्ही संबंध लावत नाही. तेरा महिने आणि दोन दिवस उशिरा स्वातंत्र्य पोचलं. त्या लढ्यातली एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगत असतो. जानेवारी १९४८ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, आणि लुटलेल्या पैशाचा हिशेब पुढं सरकारला सादर केला, असं ती पिढी अभिमानानं सांगायची. लुटीचा हिशेब! आमच्याकडे अनुदानाचा मागितला तरी लोकांना राग येतो.

राजा पडला, म्हणजे त्याचं पुढं काय झालं? फ्रान्सात मुंडकं उडवलं, रशियात तळघरात नेऊन गोळ्या घातल्या. आम्ही निजामाला राजप्रमुख केलं. वर्षाला ५० लाख रुपये तनखा. २६ जानेवारी १९५० पासून १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत हैदराबाद राज्याचा घटनात्मक प्रमुख तोच. १९५२ साली आमच्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं, राजाची प्रजा राहिलो नाही या आनंदात घरी आले, आणि निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर राजप्रमुख म्हणून निजाम. पराभूत राजाला पगारावर ठेवून घेण्याची ही युक्ती मला क्रांतीपेक्षा शहाणपणाची वाटते. रक्त सांडलं नाही आणि राजाला सरकारकडून पैसे येण्याची वाट बघणं म्हणजे काय असतं ते कळलं. आमच्या पेन्शनरांना त्याच्याविषयी तेवढ्यापुरती सहानुभूती आहे.

आता स्वराज्य. ते कुठं असतं? दिल्लीत असतं म्हणतात, मुंबईत असतं म्हणतात. कायद्यानं ते गावात असतं. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं गावातल्या सगळ्या मतदारांची मिळून ग्रामसभा घटनेतच आणून बसवली. आमदाराला सभागृहात जायला निवडून यावं लागतं. आपल्याला ग्रामसभेत जायला फक्त घरातून निघावं लागतं. वर्षाला निदान चार सभा. गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, गावातले पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. एवढे जमले की पंचायतीचा जमाखर्च विचारा, कामं ठरवा, लाभार्थी निवडा.

हे शंभर जमत नाहीत.

गंगेकाठच्या एका गावात, आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, मी अशा सभेला गेलो होतो. गांधीजयंतीचा दिवस. भोंग्यावरून पुकारा झाला. पंचायतीपुढच्या लिंबाखाली सतरंजी टाकलेली. तिच्यावर ग्रामसेवक, शिपाई, तीन म्हातारे आणि माझ्यासारखा एक उपरा. सरपंचबाई आत खुर्चीवर आणि त्यांचे मालक बाहेर ओट्यावर, फोनवर. अर्धा तास गेल्यावर शिपाई रजिस्टर बगलेत मारून निघाला. मी त्याच्याबरोबर गेलो. चौकातल्या हाटेलात वीस-पंचवीस जण बसले होते, कांदाभजी चालली होती आणि विषय होता अमेरिकेचा अध्यक्ष कसा चुकतो. शिपायानं रजिस्टर पुढं केलं.

“मामा, सभेला येता का?”

“सही कुठं करायची तेवढं सांग. सभा ऱ्हाऊ दे.”

“आवो, रस्त्याचा ईषय हाय. तुमच्याच आळीचा.”

“त्येचं काय ठरायचं ते ठरलं आसंल की. आता आमाला इचारून कामून उगं येळ घालवायलाव?”

आणि मामांनी सही करून अमेरिकेचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. तिकडे रजिस्टर भरलं नाही ते नाहीच. मग सभा तहकूब. इथं कायद्याची कमाल पाहा. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. ज्या गावात शंभर माणसं येत नाहीत तिथं पाच जणांचा ठराव सगळ्या गावाचा ठराव होतो. निजामाला हे कलम कुणी सुचवलं असतं, तर त्यानं गश्ती ५३ काढलीच नसती. सभेला बंदी घालण्याची मेहनत कशाला? सभा उघडी ठेवायची, लोक आपणहोऊन येत नाहीत.

निघताना सरपंचबाईंशी दोन शब्द बोललो. पन्नास टक्के आरक्षणानं २०११ पासून निम्मी सरपंचपदं बायकांची झाली आणि त्याबरोबर सरपंचपती हे पदही निर्माण झालं. ते कुठल्याच कायद्यात नाही, तरी सगळ्यांत जास्त काम त्याच पदावर होतं. मी विचारलं, “बाई, कारभार कोण बघतं?”

बाई ओट्याकडे बघून म्हणाल्या, “कारभार हे बघतेत. चौकशी लागली की सही माही असती.”

घटनेचे मोठमोठे अभ्यासक मी ऐकले आहेत. अधिकार आणि जबाबदारी यांतला फरक एवढ्या थोडक्यात कुणी सांगितला नाही. अशा बाई आता वाढू लागल्यात आणि काही गावांत ओट्यावरचे मालक फोन खिशात घालून शेताकडे वळू लागलेत, हेही सांगायला हवं.

लोक सभेला का येत नाहीत, यावर मी बराच विचार केला. आळस हे कारण खोटं आहे. हीच माणसं लग्नाला चाळीस कोसांवर जातात, तेही पत्रिकेत नाव नसताना. खरं कारण वेगळं आहे. राजा असला की गाऱ्हाणं करता येतं. स्वराज्यात गाऱ्हाणं कुणाकडे करणार? आपणच राजा, आपणच फिर्यादी, आणि रस्त्यावरचा खड्डाही आपलाच. माणसाला हे सहन होत नाही. त्याला शिव्या द्यायला कुणीतरी वर हवा असतो. निजाम होता तोवर निजाम होता. १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेलो तेव्हा मुंबई मिळाली. १९६० नंतर पश्चिम महाराष्ट्र मिळाला. आता दर पाच वर्षांनी आम्ही आमचा एक माणूस स्वतः निवडून वर पाठवतो. आपल्याच माणसाला शिव्या देण्याचं सुख काही और असतं. १९८९ पासून आमचा लोकसभा मतदारसंघ, मधला अपवाद सोडला तर, शिवसेनेकडेच झुकत आला. निवडून गेलेल्यांपैकी बरेच जण पुढं पक्ष सोडून गेले. मतदार खचला नाही. पुढच्या वेळी त्यानं त्याच पक्षाचा नवा माणूस पाठवला. माणूस जातो, गादी राहते, हे राजेशाहीचं तत्त्व आम्ही मतपेटीतून इतक्या निष्ठेनं पाळलं, की राजांनाही लाज वाटावी.

आणि एक राजा गेला म्हणून राजे संपले थोडेच? गावात शिरताना फ्लेक्स बघा. वाढदिवस एकाचा, फोटो चाळीस जणांचे, पाठीमागे सिंह. त्यात ‘भावी आमदार’, ‘भावी सभापती’, ‘भावी सरपंच’ असतात. निवडणूक न लढवता, अनामत न भरता आणि आयुष्यभर भूषवता येईल असं हे एकच पद आहे. पूर्वी राजाला मिरवायला हत्ती लागायचा, आता जेसीबी लागतो. त्याच्या सोंडेतून फुलं पडतात. हत्ती निदान नंतर रस्ता खणत नसे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत तर सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि निवडणूक आयोगाला २०२१ च्या जानेवारीत तिथली सगळी प्रक्रिया रद्द करावी लागली. बोली म्हणे देवळाच्या कामासाठी होती. देवाचं कल्याण झालं असतं, गावाचं पुढं बघू.

त्याच्यावर पालकमंत्री. मंत्री मुंबईचे, पालक आमचे. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारी असे झेंडे आम्हाला इतर महाराष्ट्रापेक्षा एक जास्त, त्यामुळे पालकांना आमच्याकडे एक चक्कर जादा पडते. मुक्तिदिनाचा आमचा हा प्रत्यक्ष फायदा.

मात्र या सगळ्या छोट्या राजांवरही वरताण झाली ती २०२२ मध्ये. जिल्हा परिषदेची मुदत संपली, महापालिकेची संपली, निवडणुका आरक्षणाच्या दाव्यात अडकल्या आणि तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. एक अधिकारी, तोच स्थायी समिती, तोच सभागृह. ठराव मांडणारे तेच, अनुमोदन देणारे तेच. निजामाच्या काळी जिल्ह्याच्या साहेबाला अव्वल तालुकेदार म्हणायचे, आणि त्यालाही इतकं निवांत नव्हतं. ज्या जिल्ह्यानं सभेच्या हक्कासाठी तुरुंग भोगला तिथं सभागृह इतके दिवस बंद राहिलं आणि कुणी रस्त्यावर आलं नाही. मी एका ओळखीच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “नाली निघायलीय ना? मग झालं.” नालीबद्दल तो बरोबर होता. निघत होती.

गंमत अशी, की ज्या निजामाला आम्ही हाकललं त्याच्या दप्तरावर आमचा विश्वास आजही अढळ आहे. जुन्या जमिनीच्या कामासाठी मी एका कचेरीत गेलो होतो. अलीकडचे दोन उतारे एकमेकांशी जुळेनात. मग धुळीतून सेतवार निघाली. एक म्हातारे कारकून चष्मा पुसत वाचू लागले आणि म्हणाले, “हे जुनं हाय, म्हंजी खरं आसनार.” २ सप्टेंबर २०२५ ला तर शासनानं निर्णय काढून हैदराबाद गॅझेटिअरमधल्या नोंदींना कुणबी दाखल्यांच्या कामात आधार म्हणून मान्यता दिली. या निर्णयाच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्हीकडे लाखो माणसं आहेत आणि त्यात मी पडत नाही. पण दोन्ही बाजूंचे वकील आता ज्या कागदावर मान मोडून बसलेत, तो निजामाचा आहे. आपल्या मागं आपली कुठली नोंद विश्वासानं वाचली जाईल, याची आजच्या सरकारांना काळजी वाटते की नाही कोण जाणे. ग्रामसभेचं ते रजिस्टर मात्र मी पाहिलं आहे, त्यात मामांची सही आहे.

सत्तेशी कसं वागावं हे आमच्या जिल्ह्यात एकीलाच कळलं होतं. गंगाखेडची जनाबाई. दुसऱ्याच्या घरची दासी, पदरी जमीन नाही, वतन नाही, मताचा अधिकार तर दूरच. तिचा राजा म्हणजे साक्षात पंढरीचा विठोबा. लोक त्याच्या दारात हात जोडून उभे राहायचे, पायावर डोकं टेकवून परत जायचे. जनाबाईनं त्याला जात्यावर बसवलं. दळायला लावलं, पाणी भरायला लावलं, शेण्या वेचायला लावल्या आणि कामात कसूर झाली तर कडक शब्दांत सुनावलं. सातशे वर्षं होऊन गेली, परभणी जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुणाला वरच्याकडून एवढं काम करून घेता आलेलं नाही. आम्ही तिच्या देवळात जातो, नारळ फोडतो आणि बाहेर आल्यावर आमदारांच्या पीएला फोन लावून ‘साहेब, तेवढं बघा की’ म्हणतो.

तेव्हा परभणीकर मंडळींनो, एवढंच करा. ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते, भोंगाही होतो. येत्या सभेला जा. भजी खाऊन जा, अमेरिकेचा प्रश्न वाटेत सोडवा, पण जा आणि सतरंजीवर बसून जमाखर्च वाचायला सांगा. परवानगी लागत नाही, गश्ती ५३ कधीच रद्द झाली आहे. शंभर जण लागतात. पहिल्याच सभेला या. तहकूब झाल्यावर तुमच्यावाचून काही अडत नाही.